परुळेकर गट सोडत नाहीत

परुळेकरांच्या हातात मी पहिल्याच भेटीत आमचा मिक्सर दिला. चूक माझीच. सकाळी दुरुस्तीवाल्याला फोन केला होता, आणि दुपारी दारात खांद्याला कापडी पिशवी, पायात झिजलेल्या सँडल आणि खिशाला दोन पेनं असा इसम उभा राहिला, तर माणसाने काय समजायचं?

"मोटर घुं घुं करते, पण पातं फिरत नाही," मी म्हणालो.

इसमाने मिक्सर मायेने चारी बाजूंनी पाहिला आणि मला विचारलं, "तुम्हाला काय वाटतं, काय झालं असेल?"

"मला कळलं असतं तर तुम्हाला कशाला बोलावलं असतं?"

"तरी पण. अंदाज?"

थोड्या वेळाने मी जमिनीवर, मिक्सरचं भांडं उलटं, माझ्या हातात पकड, आणि समोर खुर्चीवर हा इसम स्वतःच्या मांडीखाली दोन्ही तळवे दाबून बसलेला. "छान चाललंय," एवढंच मधूनमधून म्हणत होता. शेवटी पात्याखालून करवंटीचा तुकडा निघाला आणि मिक्सर फिरला. नेमकी त्याच वेळी सुनंदा, म्हणजे आमची बायको, बाजारातून आली.

"अगंबाई, सर, तुम्ही! आणि मिक्सरही दुरुस्त केलात?"

"मी नाही. यांनी केला."

"यांनी?" सुनंदा हसत सुटली. "सर, तुमची खरंच कमाल आहे!"

पकड माझी, घाम माझा, कमाल त्यांची. त्या दिवसापासून हा माणूस माझ्या डोक्यात गेला.

परुळेकर एका संस्थेतर्फे महिला बचत गटांचं काम बघत. गट उभा करायचा, बोट धरून चालवायचा, आणि तो पक्का झाला की बोट सोडवून घ्यायचं. त्याला ते 'गट सुटा करणं' म्हणत. लालबागच्या आमच्या चाळीतल्या बायकांचा मसाल्यांचा गट त्यांच्याच हाताखाली वाढला. दर गुरुवारी संध्याकाळी आमच्या खोलीत बैठक भरे. मी स्वयंपाकघरात पडद्याआड. स्वतःच्या घरात मला तेवढीच जागा उरली होती.

गट पक्का झाला की नाही हे ठरवायची संस्थेची काहीतरी पद्धत असणारच, पण परुळेकरांची स्वतःची निराळीच होती. ते मुद्दाम उशिरा येत आणि दाराबाहेर उभे राहून ऐकत. आत कामाला सुरुवात झाली असेल तर खूश, "सर आले नाहीत अजून" असं ऐकू आलं तर, "कच्चा आहे." बैठकीत कोणी अडलं तर हात मांडीखाली. न जाणो, सवयीने पुढे व्हायचे! भांडण जुंपलं की त्यांचा चेहरा उजळे. भांडून झाल्यावर बायका पुन्हा मांडीला मांडी लावून बसतात का, हे ते बघत. आणि सगळ्यांत मोठी परीक्षा म्हणजे त्यांचा चुकीचा सल्ला.

"मालवणी मसाल्यात थोडी साखर घातली तर?" एका गुरुवारी ते गंभीरपणे म्हणाले.

बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. कोणी तरी "नाही" म्हणावं म्हणून परुळेकर वाट बघत होते. पण सर म्हणतात म्हणजे त्यात काहीतरी असणार! बायकांनी खरोखरच साखर घालून मसाला कुटून आणला. तो अर्थातच विकला गेला नाही. गटाच्या घराघरांतून आम्ही नवऱ्यांनी तो संपवला. गोड कोळंबी काय असते हे मला विचारा.

पुढच्या वेळी ते म्हणाले, "तिरफळं काढून टाकली तर?"

गटाच्या अध्यक्षा घाडीकाकू मागे सरून बसल्या. "परुळेकर, मेल्या, तू खंयचो? तिरफळां काढून मासो खातलंस? गप बस थंय!"

परुळेकरांना मी एवढं आनंदी कधी पाहिलं नव्हतं.

आता सांगा, अशा माणसाचा मत्सर का वाटावा? पण घरात दिवसभर "सर म्हणतात", "सर असं करत नाहीत". शेवटी मीही त्यांची युक्ती वापरून पाहिली. सुनंदाने विचारलं, "दूध आणलंत का?" मी मायेने म्हणालो, "तुला काय वाटतं?"

"मला वाटतं, तुम्ही विसरलात. जा."

जेवताना मांडीखाली हात घालून बसलो तर म्हणाली, "हात धुतले नाहीत का?"

अशात गटाला एक संधी आली. करी रोडच्या नव्या टॉवरमधल्या एका ऑफिसच्या कँटीनला रोजचा मसाला हवा होता. पण त्यांना गट स्वतःच्या जबाबदारीवर उभा असलेला हवा होता, संस्थेच्या पदराखालचा नाही. म्हणजे परुळेकरांनी गट सुटा केला की झालं. आता बायका त्यांच्याआधी बैठक सुरू करत होत्या, कडाकडा भांडत होत्या, त्यांचे सल्ले तोंडावर उडवून लावत होत्या. तरी ते दर गुरुवारी म्हणत, "अजून थोडं कच्चं वाटतंय." कँटीनवाले महिनाअखेरपर्यंतच थांबणार होते.

गटात काहीच कच्चं नव्हतं. मग हा माणूस इथे अडकला होता कशात? बैठक आमच्या घरात, पोहे सुनंदाच्या हातचे, आणि तिच्या प्रत्येक विनोदाला हा मान मागे टाकून हसणार. त्यातले निम्मे विनोद माझ्यावर असत. मला हिशेब लागला. रविवारी मी त्यांना जाब विचारायला थेट शिवडीला त्यांच्या घरी गेलो.

एका माणसाची खोली होती. सगळं जागच्या जागी. खुर्ची एकच. ती त्यांनी मला दिली आणि स्वतः पलंगाच्या कडेवर बसले.

"तुम्ही आमचा गट सोडत का नाही?" मी आवाज चढवून विचारलं.

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटतं, तुमचा आमच्या घरात जीव अडकलाय!"

पहिल्यांदाच त्यांनी उलटा प्रश्न केला नाही. "बरोबर वाटतंय तुम्हाला," म्हणाले. मग ते खिडकीकडे बघत बोलू लागले. "चाळी गेल्या, बायका कुठे कुठे पांगल्या. संस्था आता उपनगरांत काम करणार, तिथे नवी पोरं घेतलीत. या भागात तुमचा गट शेवटचा. तो सुटला की मला गुरुवार नाही."

"पण जुने गट असतील ना? त्यांचे फोन येत असतील."

"सुटा झालेला गट फोन करत नाही, साहेब. केला तर समजायचं, माझं काम चुकलं." ते जरासे हसले. "माझं काम फार चांगलं झालंय. एकाचाही येत नाही."

भांडायला गेलेला माणूस मी. येताना त्यांच्या चहाचं कौतुक करून आलो. चहा पाणचट होता.

घरी येऊन सुनंदाला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. "आम्हाला कळत नाही होय?" ती म्हणाली. "म्हणून तर इतके दिवस गप्प बसलो. पण घाडीकाकूंच्या मुलाची नोकरी गेलीय. त्यांचं घर आता या ऑर्डरवर आहे."

पुढच्या गुरुवारी परुळेकर आले, पोहे खाल्ले आणि म्हणाले, "अजून थोडं..."

"सर," सुनंदा म्हणाली, "पुढच्या गुरुवारपासून तुम्ही येऊ नका."

मी पडद्याआडून डोकं बाहेर काढलं.

"नाही, म्हणजे, तुम्हाला काय वाटतं, आपण..."

"आम्हाला वाटून झालंय, सर. उद्या कँटीनवाल्यांना हो कळवतोय."

परुळेकरांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. मग "पक्का," म्हणाले. "गट पक्का झाला." आणि पिशवी उचलून उठले.

मी त्यांना जिन्यापर्यंत सोडायला गेलो. आत लगेच घाडीकाकूंचा आवाज चढला. मिरची कुठून आणायची यावरून जुंपली होती. परुळेकर कठड्याला हात टेकून शांतपणे ऐकत उभे राहिले. सगळ्या हसल्या, तेव्हाच ते खाली उतरले.

महिना झाला असेल. घर मसाल्याने घमघमत होतं, मी शिंकत होतो, आणि दर गुरुवारी दाराकडे माझंच लक्ष जात होतं. शेवटी न राहवून सुनंदाला म्हणालो, "अगं, त्यांना एकदा जेवायला बोलावूया. फोन कर ना."

"मी कसा करू? गटातल्या कोणाचाही फोन गेला तर त्यांना वाटेल, आपलं काम फसलं."

"मग?"

"तुम्ही करा," सुनंदा म्हणाली. "तुम्ही कुठे सुटे झालायत अजून?"