गोजी बेरीचा काढा

यज्ञेश्वर पातुरकरांनी मोतीबिंदूचं ऑपरेशन रद्द केलं ते भीतीमुळे नव्हे, असं त्यांचं म्हणणं होतं. (घरात दुसऱ्या कोणाचं तसं म्हणणं नव्हतं.) त्यांना म्हणे निसर्गोपचाराला एक संधी द्यायची होती.

पातुरकर मंत्रालयात कक्ष अधिकारी. रोज सकाळी रायपूरच्या बूढापारा मोहल्ल्यातून निघून ऑफिसच्या बसनं नव्या रायपूरला जायचे. बसमध्ये शेजारी बसणाऱ्या त्यांच्या कक्षातल्या बाबूनं, भैय्यालालनं, एकदा मोबाईलवरचा लेख वाचून दाखवला. गोजी बेरी. हिमालयापलीकडचं लाल फळ. त्यात झिॲक्झँथिन, बीटा कॅरोटीन, पॉलिसॅकराइड्स, आणि यातलं पहिलं तर थेट डोळ्यांच्या पडद्याला पोचणारं. पातुरकरांनी तिन्ही नावं पाठ केली आणि त्याच रात्री पाकीट मागवलं.

"डोळ्याचा पडदा सुधरते याच्यानं," त्यांनी बायकोला सांगितलं.

"डॉक्टर तर म्हणे, पडद्याले काही झालं नाही, भिंग गढूळ झालं," सुनीती म्हणाली.

"मंग? पडदा सुधरला की भिंगाले बी उत्साह येते."

सुनीतीनं वाद घातला नाही. बेरी एका बरणीत भरून ओट्यावर ठेवली.

दोन महिने पातुरकर सकाळी मूठभर बेरी गरम पाण्यात भिजवून पाण्यासकट घेत राहिले. कोणी विचारलं की सांगायचे, फरक पडून राहिला. याच काळात त्यांनी शेजारच्या घराच्या कुलपाला दोनदा आपली किल्ली लावली, आणि बूढा तलावाच्या काठावर उभ्या केलेल्या एका स्कूटरला थोडं सरकायला सांगितलं. पण सुधारणा हळूहळूच व्हायची, असं त्या लेखातही होतं.

अशात त्यांच्या मुलीनं, गंधालीनं, लग्न ठरवलं. मुलगा तिच्याच बँकेतला, शिशिर. त्याचे वडील गंगाधरराव बोकारे रेल्वेतून गार्ड म्हणून रिटायर झालेले, मूळचे अकोल्याकडचे. रविवारी बापलेक भेटायला येणार होते. गंधालीनं बापाला एवढंच सांगितलं, "बाबा, प्लीज, लेक्चर नका देऊ."

सुनीती कढईत साबुदाणा वडे सोडत होती. पाहुण्यांना चहाऐवजी काहीतरी पौष्टिक द्यावं, या विचारानं पातुरकर स्वतः स्वयंपाकघरात शिरले. ओट्यावर दोन सारख्या बरण्या होत्या. एकीत गोजी. दुसरीत सुनीतीनं गोल बाजारातून आणलेल्या, गच्चीवर वाळवून देठ खुडलेल्या लवंगी मिरच्या. पातुरकरांना दोन्हीकडे नुसतं लाल दिसलं. त्यांनी जवळची बरणी उघडली, मोठी मूठ भरून पातेल्यात टाकली, वरून पाणी ओतून उकळी आणली आणि लिंबू, मध घातलं. सुनीती खोकली, पण तिला वाटलं तेल जास्त तापलं.

कप बैठकीत गेले. पातुरकरांनी झिॲक्झँथिनपासून सुरुवात केली. गंधालीनं डोळे मिटून घेतले.

गंगाधररावांनी एक मोठा घोट घेतला. चेहरा तसाच राहिला, पण डोळ्यांतून धार लागली.

"याच्यानं डोळ्याले पाणी येते काय?" त्यांनी शांतपणे विचारलं.

"येणारच. आतला कचरा निघून राहिला," पातुरकर म्हणाले.

शिशिरनं कप ओठाला लावला आणि परत ठेवला. "अंकल, ये थोड़ा तीखा नहीं है?"

"ओरिजनल असंच असते."

एवढं बोलून पातुरकरांनी स्वतः घोट घेतला. जीभ, टाळू, घसा आणि दोन्ही कान एकाच वेळी पेटले. दोन महिने गोडसर पाणी पिणाऱ्या माणसाला आपण काय केलं ते तत्काळ कळलं. कबूल करावं, तर बरणी दिसली नाही हे कबूल करावं लागणार, आणि मग ऑपरेशन. त्यांनी दुसरा घोट घेतला. समोर व्याही पीत होते, म्हणून तिसराही घेतला.

"छाती मोकळी झाली बरं," गंगाधरराव म्हणाले.

"पॉलिसॅकराइड्स," पातुरकर कसेबसे म्हणाले.

वडे घेऊन सुनीती बाहेर आली. दोन वयस्क पुरुष समोरासमोर बसून रडताहेत, हे पाहून तिला आधी वाटलं, लग्न मोडलं. मग तिची नजर कपात गेली.

"अहो, पाहुण्याइले मिरच्या काहून उकळून दिल्या?"

पातुरकरांना वाटलं, पोरीचं लग्न आपण एका मुठीत बुडवलं. त्यांनी मान खाली घातली आणि म्हणाले, "मले दिसलं नाही. मोतीबिंदू आहे दोन्ही डोळ्यात. ऑपरेशनले भेतो मी."

गंगाधररावांनी कपात बोट घालून एक मिरची काढली, डोळ्याजवळ नेली आणि बराच वेळ पाहिली.

"मले बी ते तुमचे लाल बोरंच वाटले," ते म्हणाले. "सहा महिने झाले, मी बी घरी सांगितलं नाही."

शिशिर बापाकडे पाहत राहिला. "पापा, और आप रोज स्कूटर चला रहे हो?"

लग्न ठरलं, पण गंधालीनं अट घातली: दोघांची ऑपरेशनं आधी. दोन्ही व्याही एकाच दिवशी एकाच दवाखान्यात भरती झाले. टेबलावर पडल्यावर पातुरकरांनी धीर एकवटून डॉक्टरांना विचारलं, सुरू कधी करता? डॉक्टर म्हणाले, "हो गया, उठिए." गोजी खायला हरकत नाही, फळ चांगलंच आहे, असंही ते म्हणाले. फक्त ऑपरेशनऐवजी नको.

दुसऱ्याही डोळ्याचं उरकल्यावर पातुरकर नव्या चष्म्यासह ऑफिसात गेले. आता सगळं लख्ख दिसत होतं, म्हणून त्यांनी जुन्या फाइली काढल्या. एका पानावर थांबले. ओळी तिरप्या धावत होत्या, अर्धी अक्षरं एकमेकांवर चढली होती. त्यांनी भैय्यालालला बोलावलं.

"ये किसने लिखा है? ऐसे आदमी को नौकरी किसने दी? स्पष्टीकरण माँगो."

भैय्यालालनं पान हातात घेतलं, खालची सही पाहिली आणि अदबीनं विचारलं, "सर, आप लिखकर देंगे, या मैं आप ही से पूछ लूँ?"