एक पुस्तक जादा

ग्रंथालयाचा फुटबॉल संघ घरच्या मैदानावर ओळीने चार सामने हरला, तेव्हा संघाचे व्यवस्थापक शिक्केबुवा यांनी प्रेक्षकांची हजेरी काढून पाहिली. सात, पाच, पाच आणि एक. तो एक म्हणजे माळी, आणि तोही पाणी घालायला आला होता.

शिक्केबुवा एरवी देवघेवीच्या टेबलावर बसून पुस्तकांवर तारखेचे शिक्के मारत. नाव त्यावरूनच पडलेलं. पाचवा सामना अग्निशमन दलाशी होता आणि स्पर्धेचा नियम सरळ होता: घरी ओळीने पाच हरा, मैदान पाचव्या विजेत्याला द्या. दलाचे जवान बंब कुठे उभे करायचे याची पावलंही मोजून गेले होते.

"मैदान गेलं तर रविवारी तुम्ही दिवसभर घरीच असणार?" बायकोने विचारलं. शिक्केबुवांनी होकारार्थी मान हलवली, तशी तीही काळजीत पडली.

अशात परत आलेल्या एका मासिकात त्यांना लेख सापडला. घरच्या मैदानाचा फायदा गवतात नसतो, गर्दीच्या घशात असतो. गर्दी ओरडली की पंच दबतो आणि शिट्टी पाहुण्यांविरुद्ध वाजते. दुसऱ्याच दिवशी शिक्केबुवांनी फळ्यावर लिहिलं: सामन्याला येणाऱ्या सभासदाला एक पुस्तक जादा.

दोनशे बारा सभासद आले. शिक्केबुवांनी दोनदा मोजले, तेव्हा कुठे डोळ्यांवर विश्वास बसला. मग सामना सुरू झाला, आणि दोनशे बारा जणांनी आपापलं जादा पुस्तक उघडलं.

शिक्केबुवा रांगारांगांतून हात जोडत फिरले. जरा ओरडा हो, निदान टाळ्या तरी वाजवा. पहिल्या रांगेतल्या निवृत्त मास्तरांनी पानात बोट ठेवून वर पाहिलं. "बुवा, वीस वर्षं तुम्ही आम्हाला साधं खोकू दिलं नाहीत. आता एका दुपारपुरता घसा कुठून आणू?"

तेवढ्यात पंचाची शिट्टी वाजली. दोनशे बारा माना वर झाल्या. चष्म्यांवरून त्यांनी पंचाकडे असं पाहिलं, की त्याने शिट्टीच उलटसुलट करून तपासली. पुढची शिट्टी निम्म्या आवाजात वाजली. त्याच्या पुढची त्याने नुसती वाजवल्यासारखी केली.

बंबवाले आगीच्या धुरात एकमेकांना हाका मारून काम करणारे. त्यांच्यातला कुणी "इकडे दे" म्हणाला, की प्रेक्षकांतून "शूऽऽ" येई. अर्ध्या तासात ते कुजबुजायला लागले, आणि कुजबुज कुणाच्या कानापर्यंत पोचेना. ग्रंथालयवाले मात्र वर्षानुवर्षं भुवयांनीच बोलत आलेले. कपाटं लावणाऱ्याने एक भुवई उचलली, बांधणीवाल्याला सगळं कळलं, आणि चेंडू जाळ्यात गेला.

बांधणीवाला ऑफसाइड होता. चांगला दोन हात पुढे होता. शिक्केबुवांना दिसलं, पंचालाही दिसलं. शिट्टी ओठांपर्यंत गेली. पंचाने एकवार प्रेक्षकांकडे पाहिलं आणि शिट्टी खिशात टाकली.

"गोल!" शिक्केबुवांनी आयुष्यातली पहिली आरोळी ठोकली.

दोनशे बारा माना आता त्यांच्याकडे वळल्या. पंचालाही मघापासून कुणावर तरी अधिकार गाजवायचा होताच. त्याने जवळ येऊन लाल कार्ड दाखवलं आणि कानाशी लागून म्हणाला, "बाहेर थांबा. लोक वाचतायत."

उरलेला सामना शिक्केबुवांनी कुंपणाच्या पत्र्याला कान लावून ऐकला. ऐकू आली ती फक्त पानं उलटल्याची सळसळ. वेळ संपल्याचं पंचाने प्रत्येक खेळाडूजवळ जाऊन हळूच सांगितलं म्हणे. एक-शून्य झाल्याची बातमी माळ्याने बाहेर आणली. बंबवाल्यांनी जाताना लेखी तक्रार दिली: घरच्या प्रेक्षकांनी पंचावर दबाव आणला. शिक्केबुवांनी ती प्रशस्तिपत्रासारखी घडी करून खिशात ठेवली.

आभाराचे दोन शब्द बोलायला ते आत आले. तोंड उघडलं, तोच मास्तरांनी ओठांवर बोट ठेवलं. "शेवटचं प्रकरण चाललंय."

शिक्केबुवा फाटकाची किल्ली हातात घेऊन उभे राहिले. उन्हं उतरली, खेळाडू घरी गेले, मैदान बंद करायची वेळ टळून गेली. पण हे त्या दोनशे बारा जणांना सांगणार कोण?