परखड मत

"हे काय लिहिलंत, वहिनी?" दिराने कपाळाला हात लावला. "'मुलं येतात. आधी एकमेकांना बडवतात, मग खुर्ची दुरुस्त करतात. नंतर नंतर बडवणं कमी होतं.' हा अर्ज आहे की कबुलीजबाब?"

"पण होतं ते असंच," ताई म्हणाल्या.

ताई शाळा सुटलेल्या, म्हणजे शाळेनेच सोडून दिलेल्या मुलांसाठी सुतारकामाचा वर्ग चालवत. जागा एका संस्थेची. मोठा हॉल, गळकं छप्पर, कोपऱ्यात लोकांनी टाकून दिलेल्या फर्निचरचा ढीग. मुलं ते दुरुस्त करत, विकत आणि त्यातूनच खिळे, सरस, चहा भागवत. सगळं बरं चाललं होतं, पण संस्थेच्या अध्यक्षांना एका फरशीवाल्याने गाठलं. त्याला गोदाम हवं होतं आणि भाडं तो रोख मोजणार होता. अध्यक्ष माणूस वाईट नव्हता, नुसता हिशेबी होता. ते म्हणाले, "ताई, तुमच्या कामाला बाहेरून काही मान्यता आहे का? एखादा पुरस्कार? तेवढा आणा, हॉल तुमचा. नाहीतर माझा नाइलाज आहे."

म्हणून हा अर्ज. युवक-विकासाच्या उपक्रमांना मान्यता आणि पुरस्कार देणारं एक मंडळ होतं. त्याची पद्धत मोठी न्यायाची. उपक्रम तपासायचे ते साहेबांनी नाही, तर तसेच उपक्रम चालवणाऱ्यांनी. प्रत्येक अर्जासोबत आपल्याकडचा एक परीक्षक द्यायचा. नावं झाकलेली. आपल्याला कोण तपासतंय ते कळायचं नाही, आपण कुणाला तपासतोय तेही नाही. आणि परीक्षकाचा शब्द शेवटचा, त्यावर अपील नाही.

असे अर्ज लिहून देणं हा दिराचा धंदाच होता. त्याने वहिनींचा कागद नेला, आपल्या भाषेत नव्याने लिहून काढला आणि कचेरीतूनच परस्पर पाठवून दिला.

"मला एकदा दाखवायचं तरी!" ताई म्हणाल्या.

"तुम्ही वाचलं असतं तर परत माणसांच्या भाषेत आणलं असतं. बरं, परीक्षक म्हणून तुमचंच नाव टाकलंय. ती कटकट मला नको."

आता पुढचं कुणाच्याही लक्षात आलं असतं, पण आलं नाही. ज्याचा अर्ज त्यालाच तपासायला जाऊ नये, याची मंडळाने चोख व्यवस्था केली होती. अर्ज पाठवणाऱ्याचं नाव आणि परीक्षकाचं नाव ताडून बघत. इथे पाठवणारा दीर, परीक्षक ताई. दोन वेगळी माणसं, दोन वेगळे पत्ते. मंडळाच्या दृष्टीने अगदी निर्धोक.

काही दिवसांनी ताईंकडे तपासायला एक अर्ज आला. त्या दिवशी फरशीवाला येऊन हॉल मोजून गेला होता. मुलांच्या अंगावरून टेप टाकत त्याने मापं घेतली, तेव्हा त्याच्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. सगळी ताईंकडे बघत होती. त्या नजरा डोक्यात घेऊनच ताई वाचायला बसल्या.

'वंचित युवा घटकांच्या सुप्त क्षमतांचे मूर्त-साधनाधिष्ठित बहुआयामी सक्षमीकरण' अशी सुरुवात होती. पुढे पानंच्या पानं तेच. मुलं नव्हती, 'लाभार्थी घटक' होते. मारामारी नव्हती, 'संघर्षजन्य संवाद' होता. लाकूड, करवत, खिळा यांतलं काही म्हणजे काही नव्हतं. लाभार्थी मात्र इतके होते की ते ताईंच्या हॉलमध्ये उभेसुद्धा राहिले नसते.

ताईंचं डोकंच फिरलं. आपल्या मुलांच्या डोक्यावरचं छप्पर जायची वेळ आली आहे आणि हे असले शब्दांचे फुगे फुगवणारे पुरस्कार घेऊन जाणार! त्या मुळात कुणाचं वाईट चिंतणाऱ्या नव्हेत, पण त्या दिवशी हात आवरला नाही. त्यांनी लिहिलं: 'या लेखकाने आयुष्यात एकही मूल जवळून पाहिलेलं नाही. मुलं म्हणजे याला पायऱ्या वाटतात, वर चढायच्या. असल्या माणसांच्या हाती मुलं देऊ नयेत.' आणि नापास करून टाकलं. त्या रात्री त्यांना छान झोप लागली.

निकाल आला तो दिराकडे. त्याने तणतणत तो वर्गात आणून आपटला. मुलांमध्ये थोरली होती तिला सगळे फौजदार म्हणत, कारण मारामाऱ्या तीच मिटवायची आणि बऱ्याचदा सुरूही तीच करायची. तिने कागद उचलला आणि मोठ्याने वाचू लागली. "नापास. कारण, 'या लेखकाने आयुष्यात एकही मूल...'"

ताई सरस ढवळत होत्या. हात तिथेच थांबला. पहिलं वाक्य ऐकून त्यांना वाटलं, अगदी आपल्यासारखंच लिहितंय कुणीतरी. दुसऱ्या वाक्याला त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"कोण आहे हा?" फौजदार कडाडली. "आमच्या ताईंना म्हणतो मूल पाहिलेलं नाही? याला आपल्या खुर्चीवर बसवू आणि पाय कापू!"

"कुणाचे? खुर्चीचे?" एकाने विचारलं.

"दोघांचे!"

"असेल बिचारा दमलेला," ताई पुटपुटल्या. "त्याचीही काही अडचण असेल."

"ताई, तुम्ही त्याची बाजू घेताय? आपला वर्ग गेला त्याच्यामुळे!"

तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. पण मुलं रडकुंडीला आली होती आणि ताईंनी पुन्हा सरस ढवळायला घेतला. फौजदारने ती तिन्ही वाक्यं खडूने भिंतीवर लिहून काढली. जातायेता मुलं त्यांच्याकडे बघून दात-ओठ खायची आणि ताई खाली मान घालून रंधा मारायच्या.

त्यांनी मंडळाला फोन लावला.

"ते मत मीच दिलंय हो, माझ्याच अर्जावर!"

"स्वतःचाच अर्ज तपासलात? हा तर गैरप्रकार झाला, बाई."

"अहो, पण मी नापास केलंय!"

पलीकडच्या कारकुनाने कागद चाळले. "मग गैरप्रकार कसला? फायदा कुणाचाच झाला नाही. बरं, मत प्रामाणिक होतं ना?"

"होतं की."

"अर्ज परत वाचला तर वेगळं मत द्याल?"

ताईंनी खूप विचार केला. पण खोटं बोलायची सवय नव्हती. "नाही," त्या म्हणाल्या.

"मग तक्रार काय आहे तुमची?" त्याने फोन ठेवला.

अध्यक्षांनी निकाल ऐकून मान हलवली. फरशीवाल्याचा माणूस कुलूप घेऊन आला. मुलं गुपचूप फर्निचर बाहेर काढू लागली, एकही भांडण न करता. ते बघून ताईंना पहिल्यांदा हुंदका फुटला.

आणि मग मंडळाचं दुसरं पत्र आलं. 'यंदाचा उत्कृष्ट परीक्षक पुरस्कार आपल्या परखड, निर्भीड मताबद्दल आपणास जाहीर होत आहे.'

"पण अध्यक्षसाहेब, हा पुरस्कार कामाचा नाही," ताई काकुळतीला आल्या. "हा तर..."

"ताई, पुरस्कार म्हणजे पुरस्कार! कशाचा ते पाटीवर बारीक अक्षरात लिहू." अध्यक्षांनी फरशीवाल्याला तिथल्या तिथे वाटेला लावलं. शब्दाला जागणारा माणूस! सत्कार त्याच हॉलमध्ये ठेवला. भिंतीला घाईघाईने चुना फासला, मुलांनी फर्निचर परत आत आणलं, आणि ताईंना त्यातल्याच एका खुर्चीवर बसवलं. वर्ग वाचला होता. मुलं शिट्ट्या मारत होती.

अध्यक्षांनी घसा साफ केला. "आता आपल्या ताईंनी असं काय लिहिलं की मंडळ थक्क झालं, ते ऐकाच. 'या लेखकाने आयुष्यात एकही मूल जवळून पाहिलेलं नाही...'"

एकेक शिट्टी बंद पडत गेली. फौजदार सगळ्यात शेवटपर्यंत टाळ्या वाजवत होती. तीही थांबली. पाहुणे मात्र जोरात टाळ्या वाजवत राहिले.

दुसऱ्या दिवशी ताईंनी हॉल उघडला. हत्यारं पुसली, चहा ठेवला. कुणी फिरकलं नाही. चहा उकळून उकळून कडू झाला, तेव्हा सगळी पोरं एकदम आली. पुढे फौजदार.

"तो अर्ज मी लिहिला नव्हता गं," ताई म्हणाल्या. "आणि तो आपला आहे हे मला माहीत नव्हतं."

"ते कळलं आम्हाला. तुमच्या दिराला विचारलं. नीट विचारलं." तिने बाह्या खाली सारल्या. "पण आम्ही त्या माणसाला इतके दिवस शिव्या देत होतो, तुम्ही ऐकत होता. बोलला नाहीत."

ताईंनी चहाचं पातेलं खाली उतरवलं.

"तर तुम्ही जरा बाहेर बसा," फौजदार म्हणाली. "आम्ही आत बसून ठरवतो, तुम्हाला ठेवायचं की नाही. सगळ्यांचं मत घेणार आहोत. नावं झाकून."

ताई निमूटपणे बाहेर जाऊन पायरीवर बसल्या. दार आतून लागलं. आधी भांडणाचा आवाज आला, मग कुणीतरी कुणाला तरी बडवल्याचा. मग चिठ्ठ्यांसाठी कागद फाडल्याचा. ताई दाराकडे पाठ करून बसून राहिल्या. कुठल्याही मंडळाच्या निकालाची त्यांना कधी एवढी धास्ती वाटली नव्हती.