रेघा आणि तारीख

चांगला साबण बनवायला तिला चार वर्षं लागली होती. त्यावरचा बारकोड नवऱ्यानं चाळीस मिनिटांत बनवला.

सुपरमार्केटच्या मॅनेजरनं अट घातली होती. महिनाभर एक फळी मिळेल, साठ वड्या खपल्या तर फळी कायमची, नाहीतर सामान उचला. आणि हो, बारकोड हवाच.

"त्यासाठी अर्ज करून नंबर घ्यावा लागतो म्हणे," ती म्हणाली.

"रेघांसाठी अर्ज?" नवरा हसला. घरात त्याला सगळे 'तज्ज्ञ' म्हणत, आणि हे कौतुक आहे असा त्याचा समज होता. "अगं, मशीनला काळ्या रेघा दिसल्या की ते पीं करतं. बास!"

त्यानं शेजारणीकडून मांजराच्या खाऊचं रिकामं पाकीट आणलं आणि त्याच्या रेघा जशाच्या तशा स्कॅन करून लेबलावर चिकटवल्या. "चोरी नको म्हणून खालचे आकडे मात्र आपले टाकलेत. आधी आपल्या लग्नाची तारीख, उरलेल्या जागेत घरचा फोन."

ती आकड्यांकडे बघत राहिली. काहीतरी बोलणार होती, पण तो इतका खूश होता की तिनं कात्री घेतली आणि लेबलं कापायला लागली.

मॅनेजरनं लेबलावरचे आकडे वाचून कॉम्प्युटरात साबणाची नोंद केली. साठ वड्या फळीवर लागल्या. काउंटरवरची मुलगी प्रत्येक वडी मशीनपुढे धरायची, मशीन पीं करायचं. साबणाची आणि खाऊची किंमत योगायोगानं एकच, त्यामुळे कुणाची तक्रारही नव्हती.

महिन्यानं मॅनेजरनं दोघांना बोलावलं. "बाई, वाईट वाटतं सांगायला. एकही वडी खपली नाही."

"अहो, पण फळी तर रिकामी आहे!"

"तेच म्हणतोय. साठच्या साठ चोरीला गेल्या. कॉम्प्युटर खोटं बोलत नाही."

"मग चोरांना तरी आवडल्या ना?" तज्ज्ञ म्हणाला.

मॅनेजरच्या मागे छतापर्यंत मांजराच्या खाऊची खोकी रचली होती. खाऊ धडाधड खपतोय असं समजून कॉम्प्युटरनं आपणहून मागवली होती. भागात मांजरं वाढल्याचा अहवालही मॅनेजरनं वर पाठवला होता.

तेवढ्यात एक रिटायर्ड मास्तर बिल फडकवत आत आले. "मी इथून साबण नेला. बिलात लिहिलंय, 'मांजराचा खाऊ, मासा'. आठ दिवस मी आंघोळ कशानं करतोय?"

काउंटरवरच्या मुलीनं लेबल पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "सर, मशीन रेघा वाचतं, आकडे नाही. आकडे आपल्यासाठी, रेघा खराब झाल्या तर हातानं टाकायला. या रेघांचा नंबर खाऊचा आहे."

"म्हणजे रेघांत साबणाचं नाव नसतं?" तज्ज्ञानं विचारलं.

"नाव नाही, किंमत नाही. नुसता नंबर. त्या नंबरापुढे काय लिहायचं ते आपल्या कॉम्प्युटरात."

"मग एवढं काय त्यात! त्या नंबरापुढे साबण लिहा. मिटलं!"

बायको "अहो, थांबा" म्हणेपर्यंत मॅनेजरनं लिहूनही टाकलं. आणि महिनाभराची मुदत वाढवून दिली.

आठच दिवसांत त्याचा फोन. "बाई, कमाल! एकशे चाळीस वड्या! फळी कायमची तुमची, तीही दाराजवळची."

तज्ज्ञानं कॉलर ताठ केली. तिनं मात्र चप्पल चढवली. या आठ दिवसांत तिनं एकही वडी दिली नव्हती.

दुकानात मास्तर आधीच उभे होते. हातात नवं बिल. "आज मांजरासाठी खाऊ नेला. बिलात लिहिलंय, 'साबण, गुलाब'. आता घालू की नको? मांजर घरी बशीपुढे वाट बघत बसलंय."

"त्या एकशे चाळीस वड्या मांजरांनी खाल्ल्या, साहेब," ती मॅनेजरला म्हणाली. "ते सोडा. मी साठ दिल्या होत्या, चोरी नाही, साठही विकल्या गेल्या. त्या पहिल्या महिन्यातली खाऊची विक्री काढा, नेहमीपेक्षा बरोब्बर साठ जास्त निघेल."

मॅनेजरनं काढली. साठच होती. त्यानं एकदा खोक्यांच्या भिंतीकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं आणि फळी तिच्या नावावर लिहून दिली. दाराजवळची नव्हे, जुनीच. दाराजवळ आता खोकी ठेवायची होती.

तिनं दुसऱ्याच दिवशी रीतसर अर्ज केला. नवी लेबलं आली, तेव्हा तज्ज्ञ ती भिंगाखाली धरून बसला.

"ही कुठली तारीख टाकलीस?"

"कुठलीच नाही. तो आपल्याला दिलेला नंबर आहे."

"मग माझ्या लक्षात कसा राहणार?"

"तुमच्या लक्षात राहायची गरजच नाही, मशीन वाचतं," ती वड्या बांधता बांधता म्हणाली. "आणि आपलं लग्न सतराला झालं. अठराला नाही."