टायरवाल्याची संमती

माझ्या धाकट्या बहिणीने एकसष्टाव्या वर्षी पुन्हा संसार थाटायचं ठरवलं, आणि त्याआधी एक तपासणी करून घ्यायचं ठरवलं. पहिल्या निर्णयाला घरच्यांनी महिन्याभरात मान्यता दिली. दुसऱ्याला अजून दिलेली नाही.

तिचे यजमान जाऊन नऊ वर्षं झाली. नवे गृहस्थ विधुर, जमीनमोजणीच्या नोकरीतून निवृत्त झालेले. घरात त्यांना मोजणीदारच म्हणतात. शरीरसंबंधातून पसरणाऱ्या आणि पुढे गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग करू शकणाऱ्या एचपीव्ही विषाणूबद्दल कुठेतरी वाचून तेच म्हणाले, "आपण दोघंही कोऱ्या पाट्या नाही. आधी माहिती घेऊ, मग पुढचं." इतकं शहाणं वाक्य मी कुठल्याही नवऱ्या मुलाच्या तोंडून ऐकलेलं नाही, आणि मी पुष्कळ लग्नं पाहिली आहेत.

आमच्या तरुणपणी बायकांच्या सगळ्या दुखण्यांना एकच नाव होतं: 'तिचं ते'. आमची आत्या 'तिचं ते' होऊन गेली. तिला गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग होता, हे मला चाळीस वर्षांनी कळलं. तेव्हा गुपचूप मरायची सोय होती. आता सुधारणा झाली आहे. दवाखान्याच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'लाजू नका, विचारा.' त्याखालीच दुसरी पाटी आहे, 'मोठ्याने बोलू नये.'

नोंदणीच्या बाईंनी नाव, वय, वैवाहिक स्थिती विचारली. बहीण म्हणाली, "विधवा." बाईंनी कळ दाबली.

"काकू, तुम्हाला ही तपासणी लागू नाही."

"का हो?"

"विधवा टाकलं की सातवा रकाना, शरीरसंबंध, आपोआप 'नाही' होतो. 'नाही' झालं की तपासणीचं पान उघडत नाही."

"पण मला सुरू करायचेत."

मागची रांग एकदम शिस्तीत उभी राहिली. बाई म्हणाल्या, "यात फक्त 'आहे' आणि 'नाही' आहे."

"आणि आधीची एकतीस वर्षं?"

"ती यजमानांबरोबर गेली, असं धरतात."

वरिष्ठांना बोलावलं. त्यांनी उदारपणे तोडगा काढला: विवाहित लिहा. विवाहित लिहिल्यावर पतीचं नाव आलं, नावापाठोपाठ पतीची संमती आली, आणि संमतीचा ओटीपी पतीच्या जुन्या नंबरवर गेला. तो नंबर आता एका टायरवाल्याकडे आहे. बहिणीने फोन लावला. त्याने सहाही आकडे नीट वाचून दाखवले आणि "काळजी घ्या ताई" म्हणाला. अशा रीतीने एका अनोळखी टायरवाल्याच्या संमतीने माझ्या बहिणीची तपासणी झाली.

तोवर मोजणीदार पलीकडच्या खिडकीशी उभे होते.

"पुरुषांना ही तपासणी नसते."

"पण विषाणू पुरुषांकडूनही येतो ना?"

"येतो. तपासणी येत नाही."

सगळ्या इमारतीत एकच माणूस नीट बोलला, आतली तरुण डॉक्टरीण. तिने दोघांना शेजारी बसवलं. "हा विषाणू बहुतेकांना कधी ना कधी गाठतो. बहुतेक वेळा शरीरच त्याला हाकलून देतं. कधी तो वर्षानुवर्षं गप्प बसतो. निरोधाने धोका कमी होतो, पण पुरता संपत नाही. म्हणून बाईने वेळोवेळी तपासून घ्यायचं." मोजणीदारांनी सगळं वहीत उतरवून घेतलं.

अहवालात विषाणू निघाला.

भाच्याने घरात बैठक बोलावली. "मी म्हणतच होतो, त्या माणसाचा भरवसा नाही."

"अरे, आमची गाडी अजून चहाच्या पुढे गेलेली नाही," बहीण म्हणाली.

यावर सगळ्यांनी मनातल्या मनात वजाबाकी केली आणि सगळ्यांची नजर एकदम भिंतीवरच्या तसबिरीकडे वळली. भाचा पांढराफटक पडला. "बाबांचं नाव यात आणायचं नाही."

"मी कुठे आणलं? डॉक्टर म्हणाल्या, कधी आला आणि कुणाकडून, हे सांगता येत नाही. लग्नाआधीचाही असेल. त्यांचा, नाहीतर माझा."

"तुझा?" सूनबाईंनी विचारलं, आणि आतापर्यंत सासूबद्दल न दाखवलेलं कुतूहल तोंडावर दाखवलं.

भाच्याने दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात अर्ज केला: सदर विषाणू कै. वडिलांकडून आलेला नाही, असा दाखला मिळावा. विधवेसाठी ज्या दवाखान्यात पान उघडत नव्हतं, तिथे हा दाखला पाच मिनिटांत मिळाला. त्याचा छापील नमुना तयारच होता. मागणी फार असते म्हणे. आता तो तसबिरीशेजारी चौकटीत लावला आहे. पाहुणे उभे राहून वाचतात.

मी ही हकिगत ज्याला ज्याला सांगते, तो शेवटी आवाज उतरवून विचारतो, "मग खरं कुणाकडून आला?" खोटं कशाला बोलू, मीही पहिल्यांदा तेच विचारलं होतं. तुमचंही मघापासून तेच चाललंय.

पेशी बिघडल्या आहेत का, ते पाहायची पुढची तपासणी मंगळवारी आहे. मोजणीदार बरोबर जाणार आहेत. तिला भीती वाटते का, हे त्यांच्याखेरीज अजून कुणीच विचारलेलं नाही.