वानखडे सरांचं बटण

आमच्या मालेगावात लोक बैठकीच्या भिंतीवर सत्काराचे फोटो लावतात. शेजारचे वानखडे सर नकार लावतात, तेही काचेच्या फ्रेममध्ये.

सर आयटीआयमध्ये वायरमनचा ट्रेड शिकवून निवृत्त झाले आणि साठीत कोड लिहायला शिकले. फोन लावायचं-उचलायचं एक फुकट अ‍ॅप आहे. त्याचा कोड सगळ्यांना खुला. बदल कुणीही सुचवावा. घ्यायचा की नाही, ते परदेशातली दोन-तीन माणसं ठरवतात. सरांची मागणी एकच : बाजूचं आवाजाचं बटण दाबलं तरी फोन उचलला गेला पाहिजे.

उत्तर आलं, त्या बटणानं लोक रिंग बंद करतात. नकार.

"लोक म्हंजे कोन?" सर माझ्यावरच ओरडले. "वावरात निंदून निंदून ज्यायचे बोटं भेगाळले, त्यायले स्क्रीन वयखतच नाई. थे लोक नाईत का?"

"सोडा ना सर आता," मी म्हटलं. फार मोठी चूक झाली. तासभर ऐकून घ्यावं लागलं.

"नाई म्हना, पन कारन सांगा!" हे त्यांचं पेटंट वाक्य. पंगतीत वांग्याची भाजी संपली तरी वाढप्याला हेच.

परदेशी मंडळींनी चाचण्या मागितल्या, सरांनी लिहून दिल्या. ज्याला हवं त्यानंच हे सेटिंग चालू करावं म्हणाले, तेही केलं. पुन्हा नकार, पुन्हा फ्रेम. "थे थकतीन, मी नाई!"

गेल्या महिन्यात बदल मंजूर झाला. पेढ्यांच्या आशेनं मी गेलो, तर सर फोन लावून अंगणात उभे.

मेडशीला त्यांची थोरली बहीण एकटी राहते. जन्मभर निंदणीला गेलेली. तिच्या बोटांनी फोन उचलला जायचा नाही, की सर घाबरून मोटरसायकल काढायचे आणि ती धड आहे हे बघूनच परतायचे. आम्ही म्हणायचो, म्हातारा उन्हातान्हात उंडारतो. हे सारं मला त्या दिवशी कळलं आणि माझीच लाज वाटली.

सकाळीच ते तिच्या फोनवर नवं अ‍ॅप टाकून, बटण दाखवून आले होते. आता स्पीकरवर रिंग वाजत होती. थांबली.

"उचलला गेला रे बाप्पा!" बहीण खळखळून हसली. मग आवाज उतरला. "मंग आता कायले येशीन तू?"

सरांनी खिशातून मोटरसायकलची किल्ली काढली.

"चहा मांड बाई," ते म्हणाले. "येऊन राह्यलो."