माणिकअण्णांचं बिननावाचं फूल

आमच्या हुलसूरच्या गल्लीत कुणाकडं जाडजूड पाहुणा आला, की शेजारचे माणिकअण्णा वर्तमानपत्रात ठेवलेला पाला घेऊन येतात आणि पाहुण्याच्या गादीखाली सारतात. पाला सपाट वाळायला अंगानं भरलेला माणूस लागतो, असं त्यांचं ठाम मत. माझे सासरे दिवाळीला राहिले, तेव्हा अण्णा रोज सकाळी येऊन काळजीनं विचारायचे, "कुशीवर तर झोपला न्हाईत ना?"

अण्णा म्हणजे आमच्या भागातले पहिले वनस्पतिशास्त्रज्ञ. माळावरची कितीतरी गवतं पुस्तकात गेली ती त्यांच्यामुळं. गल्लीला एवढंच कळलं, की अण्णा डॉक्टर झाले. लोक खोकला घेऊन दारात! अण्णा घसा बघायचं सोडून त्यांच्या धोतराला चिकटलेली कुसळं वेचायचे आणि खूश होऊन म्हणायचे, "पुन्ना या हं."

माणसांची नावं मात्र त्यांच्या डोक्यात राहत नाहीत. मला ते आघाडा म्हणतात. चिकटतो ना मी.

अशा माणसानं एका फुलाला नाव देऊ नये, याचं आम्हा सगळ्यांना कोडं होतं. गावाबाहेरच्या स्मशानात, लाल खडकाच्या फटीत येणारं नखाएवढं निळं फूल. कुठल्याच पुस्तकात नाही, अण्णांनीच शोधलेलं. दुपार कलली की उमलतं आणि दिवेलागणीच्या आत मिटतं. अण्णा रोज तिथं जाऊन बसतात. नावाचं विचारलं की म्हणतात, "आजून एक पावसाळा बघू." असे बरेच पावसाळे गेले.

यंदा भादव्यात त्यांची जुनी विद्यार्थिनी सविता कडगंचीहून आली. आम्ही तिघं स्मशानात गेलो. ढग खाली उतरले होते, वारा पडला होता. बघता बघता सगळा खडक निळा झाला. मोठ्यानं बोलायचं सगळ्यांच्याच जिवावर आलं.

शेवटी सविताच म्हणाली, "सर, उद्या दुसऱ्या कुणाला दिसलं तर तो नाव देऊन मोकळा व्हईल. तुमचा सगळा जन्म यात गेला. कामून थांबायलाव?"

"एक पावसाळा बघू."

ती रागानं फोटो काढायला पलीकडं गेली. अण्णा फुलं चुकवत एका मातीच्या उंचवट्याशेजारी बसले. तिथं त्यांची बायको, आमच्या सुमनकाकू, पुरलेल्या आहेत.

"नाव दिलं की काम संपतंय बघ," अण्णा माझ्याकडं न बघता म्हणाले. "मग म्या रोज हितं कामून येऊ? लोक म्हणतील, म्हातारं बायकोपाशी बसायलंय."

मी म्हणालो, "म्हणू द्या की, अण्णा."

फुलं मिटायला लागली होती. मग त्यांनी सविताला हाक मारली, "ये गं, लिवून घे. नाव सांगतो."

ती धावत येईपर्यंत अण्णांनी मातीवरून हात फिरवला आणि हळूच म्हणाले, "सुमन, उद्यापासून नुसताच येतो गं."